ऐकूं येतें काय?

वर्ध्यानजीकच्या शेगांवीं महात्मा गांधी १९३६ सालीं राहावयास आले. १९४० सालीं त्या गांवाचें नांव सेवाग्राम झालें. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीं गांधीजींशीं थेट बोलतां यावें म्हणून आश्रमांत बसविलेला टेलिफोन तेथें आजहि दाखविला जातो. टेलिफोनवर "ऐकूं येतें काय?" या प्रश्नास उत्तर आलें नाहीं, कीं बोलणारा तत्काळ सावध होतो.

संगणकांचीं जाळीं जोडणाऱ्या स्विचांस असा कान नव्हता. कांचतंतूंच्या जोडींतील एक तंतु निरोप नेतो, दुसरा आणतो. एकच निकामी झाला, तर राखीव म्हणून अडविलेली वाट शेजाऱ्याचा निरोप न आल्यामुळें खुली होते. मग तेच संदेश जाळ्यांत फिरत राहतात आणि सारें दळणवळण ठप्प होतें. पुरती तुटलेली तार त्या मानानें बरी.

यावर सिस्को कंपनीनें 'युनिडायरेक्शनल लिंक डिटेक्शन' ही रीत काढली. तिचें वर्णन २००८ सालीं प्रसिद्ध झालें. स्विच आपली ओळख शेजाऱ्यास कळवितो आणि शेजाऱ्याच्या निरोपांत ती परत आली कीं नाहीं, तें पाहतो. न आल्यास तें पोर्ट बंद होतें. 'ॲग्रेसिव्ह' पद्धतींत शेजारी मुका झाल्यास दर सेकंदास एक अशा आठ हाका देऊन पोर्ट बंद करतात. मात्र ही योजना दोन्ही टोकांस चालू असावी लागते; एका टोकाच्या दक्षतेनें भागत नाहीं.

१४ जुलै १९४२ रोजीं काँग्रेस कार्यकारिणीनें वर्ध्यास ब्रिटिश सत्ता संपविण्याची मागणी केली. ९ ऑगस्टला गांधीजींस अटक झाली. टेलिफोन होता, ऐकणें मात्र नव्हतें.