अपराधपीडितांची भरपाई व पॅरोल मंडळे

अपराधपीडितांची भरपाई व पॅरोल मंडळे : अपराधामुळे ज्या व्यक्तीच्या मालमत्तेची वा शरीराची हानी झाली असेल, तिला ती हानी अपराध्याने स्वतः भरून देणे, यास अपराधपीडिताची भरपाई म्हणतात. शासनाने आपल्या निधीतून दिलेले अर्थसाहाय्य आणि दिवाणी दाव्यात मिळणारी नुकसानी हे तिच्याहून वेगळे प्रकार होत. शिक्षेची मुदत संपण्यापूर्वी बंद्यास काही अटींवर तुरुंगाबाहेर राहू देणे म्हणजे पॅरोल आणि त्यासंबंधी निर्णय करणारे प्रशासकीय मंडळ म्हणजे पॅरोल मंडळ. या दोन कल्पनांचा उगम भिन्न आहे. एकोणिसाव्या शतकात त्या विचाराच्या पातळीवर व विसाव्या शतकात कायद्यात एकत्र आल्या. पीडिताचे येणे वसूल करण्यासाठी बंद्याच्या स्वातंत्र्याचा उपयोग कोणी व कोठवर करावा, हा प्रश्न त्यातून उद्भवला. त्याचा सर्वांत विस्तृत इतिहास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळतो.

प्राचीन व मध्ययुगीन परंपरा : प्राचीन विधिसंहितांत पीडिताचे स्थान मध्यवर्ती होते. बॅबिलोनियाचा राजा हामुराबी याच्या संहितेत (इ. स. पू. अठरावे शतक) चोरलेल्या जनावराबद्दल मालकाच्या दर्जानुसार दसपट किंवा तीसपट भरपाई सांगितली आहे. दरोडेखोर सापडला नाही, तर लुटल्या गेलेल्या माणसाची हानी त्या नगराने व तेथील अधिकाऱ्याने भरून द्यावी, असाही तीत नियम आहे. भारतीय धर्मशास्त्रातही याच आशयाचे नियम आढळतात. चोरीस गेलेले द्रव्य प्रजाजनास परत मिळवून देणे हे राजाचे कर्तव्य मानले असून, याज्ञवल्क्यस्मृतीत व कौटिलीय अर्थशास्त्रात ते सांगितले आहे. चोर हाती न लागल्यास राजाने ती हानी स्वतः भरावी, असा याचा अर्थ केला जातो. दुसऱ्याच्या अवयवास इजा करणाऱ्याने तो बरा होईपर्यंतचा खर्च (समुत्थानव्यय) द्यावा, असे मनुस्मृती सांगते. राजाला द्यावयाचा दंड याहून वेगळा असे.

अँग्लो-सॅक्सन इंग्लंडमध्ये पीडितास द्यावयाची ‘बोट’, राजास द्यावयाचा ‘वाइट’ आणि मृताच्या आप्तांस द्यावयाचे ‘वेरगिल्ड’ असे देण्याचे प्रकार होते. केंटचा राजा एथेलबर्ट याच्या कायद्यांत (सु. ६००) पुढच्या दाताबद्दल ६ शिलिंग व अंगठ्याबद्दल २० शिलिंग असे दर दिले आहेत. नॉर्मन राजवटीत, विशेषतः दुसऱ्या हेन्रीच्या काळात (कार. ११५४–८९), गंभीर अपराध हा राजाच्या शांततेचा भंग ठरू लागला. तो सिद्ध झाल्यास अपराध्याची जंगम मालमत्ता राजाकडे जाई. जखमी माणूस किंवा मृताचे कुटुंब यांच्या हाती वेगळ्या दाव्यापलीकडे फारसे काही उरले नाही आणि पुष्कळदा तो दावा वसूल करण्याजोगी मालमत्ताही शिल्लक नसे. पीडिताच्या पुराव्यावरून चोर दोषी ठरल्यास चोरीचा माल मालकास परत देण्याची तरतूद १५२९ च्या कायद्याने केली. जप्तीची जुनी पद्धती १८७० च्या कायद्याने रद्द झाली. मालमत्तेच्या हानीबद्दल १०० पौंडांपर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकारही त्याच कायद्याने न्यायालयांस दिला.

पॅरोलचा उगम : ‘पॅरोल’ हा मूळ फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ ‘वचन’ असा आहे. पळून न जाण्याचे किंवा पुन्हा शस्त्र न धरण्याचे वचन देणाऱ्या युद्धकैद्यास मोकळीक देत, त्यावरून तो रूढ झाला. ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफॉक बेटावरील वसाहतीचा अधिकारी अलेक्झांडर मॅकनॉकी याने १८४० ते १८४४ या काळात गुणपद्धती अवलंबिली. बंद्याने किती वर्षे काढली यापेक्षा कष्टाने व सद्वर्तनाने किती गुण मिळविले, यावर त्याची सुटका अवलंबून असावी, हे तिचे तत्त्व होय. वॉल्टर क्रॉफ्टन याने १८५४ पासून आयर्लंडमध्ये टप्प्याटप्प्याने सुटका व त्यानंतर देखरेख अशी व्यवस्था बसविली. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा सुधारगृहात (१८७६) झेबुलन ब्रॉकवे याने तिला अनिश्चित मुदतीच्या शिक्षेची जोड दिली. न्यायालयाने शिक्षेची मर्यादा ठरवावी आणि त्या मर्यादेत सुटकेची वेळ मंडळाने ठरवावी, अशी अधिकारांची विभागणी यातून झाली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील सर्व राज्यांत पॅरोलचे कायदे झाले. संघराज्याच्या तुरुंगांसाठी १९१० मध्ये कायदा झाला व १९३० मध्ये एकच पॅरोल मंडळ स्थापन करण्यात आले. सुधारणेच्या या सर्व विचारात बंदी व शासन हे दोनच पक्ष होते.

दोन कल्पनांचा संगम : इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर याने तुरुंगनीतीवरील आपल्या १८६० च्या निबंधात या दोहोंची सांगड घातली. अपराध्याने शक्य तेवढी भरपाई करावी, तुरुंगात स्वतःच्या श्रमावर निर्वाह करावा आणि त्याची सुटका याच्याशी निगडित असावी, असे त्याचे प्रतिपादन होते. इटालियन विधिज्ञ राफाएले गारोफालो व एन्‍रीको फेर्री यांनी पीडिताची भरपाई हे शासनाचे कर्तव्य म्हणून मांडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत भरलेल्या आंतरराष्ट्रीय तुरुंग परिषदांत या विषयाची वारंवार चर्चा झाली. तथापि तुरुंगातील मजुरी इतकी अल्प होती, की तीतून भरपाई होणे व्यवहारात अशक्य ठरले.

अमेरिकेत प्रथम परिवीक्षेच्या अटींत भरपाईचा समावेश झाला. १९२५ च्या संघीय परिवीक्षा कायद्याने न्यायालयास तसा अधिकार दिला. परिवीक्षेवरील माणूस तुरुंगात जात नाही व रोजगार करू शकतो, त्यामुळे ही अट व्यवहार्य होती. पॅरोलच्या बाबतीत महत्त्वाचा प्रयोग मिनेसोटा राज्यात झाला. तेथील सुधार विभागाने १९७२ मध्ये मिनीॲपोलिस येथे भरपाई केंद्र उघडले. मालमत्तेविषयीच्या अपराधांबद्दल तुरुंगात आलेल्या निवडक बंद्यांना सुमारे चार महिन्यांनंतर पॅरोलवर या केंद्रात ठेवीत. बंदी व पीडित यांची शक्यतो समोरासमोर भेट घडवून भरपाईचा करार ठरवीत. पॅरोल मंडळाच्या संमतीने तो सुटकेचा भाग होई. बंदी बाहेर नोकरी करून हप्ते फेडी व रात्री केंद्रात राही. चोरी झालेल्या माणसाला चोराशी बोलण्याची व आपल्या हानीचा हिशेब त्याच्यापुढे मांडण्याची संधी येथे मिळे. खटल्यात ती क्वचितच मिळत असे. हे केंद्र फार काळ टिकले नाही, परंतु अन्य राज्यांतील प्रयोगांना त्यामुळे चालना मिळाली.

मंडळाच्या अधिकाराची मर्यादा : मंडळाच्या अधिकाराविषयी तीन प्रश्न उपस्थित झाले. पहिला प्रश्न रक्कम कोणी ठरवावयाची, हा होय. हानी किती झाली व ती कोणत्या अपराधामुळे झाली, हे पुराव्यावरून ठरविणे हे न्यायदानाचे काम आहे. पॅरोल मंडळ प्रशासकीय असून साक्षीपुरावा घेऊन दायित्व ठरविण्यासाठी ते निर्माण झालेले नाही. यामुळे न्यायालयाने रक्कम ठरवावी व मंडळाने तिची फेड ही सुटकेची अट करावी, अशी विभागणी इष्ट मानली जाऊ लागली. संघराज्याच्या १९८२ च्या पीडित व साक्षीदार संरक्षण कायद्यात हेच तत्त्व स्वीकारले आहे. शिक्षा सुनावताना न्यायालयाने भरपाईचा आदेश दिला असेल, तर तो आपोआप पॅरोलची अट बनेल, अशी त्यात तरतूद होती. भरपाई कोणत्या अपराधापुरती द्यावयाची, याची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने ‘ह्यूई वि. युनायटेड स्टेट्स’ (१९९०) या खटल्यात स्पष्ट केली. ज्या अपराधाबद्दल दोष सिद्ध झाला, त्याच अपराधाने झालेल्या हानीची भरपाई त्या कायद्याखाली देवविता येते, असे त्यात ठरले.

दुसरा प्रश्न, रक्कम न भरल्यास काय करावयाचे, हा होय. पॅरोल रद्द करणे म्हणजे माणसाला पुन्हा तुरुंगात पाठविणे होय. त्यासाठी आरोपांची सूचना, सुनावणी व बाजू मांडण्याची संधी आवश्यक आहे, असा निर्णय ‘मॉरिसी वि. ब्रूअर’ (१९७२) या खटल्यात झाला. ‘बेअर्डन वि. जॉर्जिया’ (१९८३) हा खटला परिवीक्षेसंबंधीचा असला, तरी त्यातील तत्त्व येथेही महत्त्वाचे आहे. त्यातील आरोपीस ५०० डॉलर दंड व २५० डॉलर भरपाई भरावयाची होती. त्याने प्रारंभीचे २०० डॉलर उसने घेऊन भरले. पुढे त्याची नोकरी गेली आणि उरलेली रक्कम थकली. त्याची परिवीक्षा रद्द करून त्याला तुरुंगात पाठविण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. ऐपत असून पैसे न देणारा आणि प्रामाणिक प्रयत्न करूनही देऊ न शकणारा, यांत भेद केला पाहिजे. दुसऱ्याच्या बाबतीत अन्य उपाय पुरेसे आहेत काय, हे पाहिल्याशिवाय त्याला तुरुंगात टाकता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. १९८२ च्या कायद्यातही पॅरोल रद्द करताना बंद्याचा रोजगार, कमाईची क्षमता, सांपत्तिक स्थिती व हेतुपुरस्सरता विचारात घेण्याचे बंधन होते. या मर्यादा नसत्या, तर ऋणकोस तुरुंगात टाकण्याची पूर्वीची प्रथा वेगळ्या नावाने परत आली असती.

तिसरा प्रश्न मुदतीचा आहे. मंडळाचा अधिकार शिक्षेच्या मुदतीबरोबर संपतो, भरपाईचे देणे मात्र उरते. म्हणून भरपाईच्या आदेशास दिवाणी हुकूमनाम्यासारखे बळ देण्याची सोय केली गेली. पैसे भरेपर्यंत सुटकाच नाकारण्याने मूळ हेतू विफल होतो, कारण बंदी कमवू लागतो तो बाहेर आल्यावरच. उलट पैसेवाल्यास लवकर सुटका मिळू लागली, तर शिक्षेचे मोल धनावर ठरू लागते. पीडिताच्या गरजेचा आणि समान न्यायाचा मेळ घालणे हे मंडळापुढील अवघड काम होय.

नंतरचे बदल : ज्या काळात भरपाईचा हक्क बळकट झाला, त्याच काळात अमेरिकेत पॅरोल मंडळांचे क्षेत्र आकुंचित झाले. मेन राज्याने १९७० च्या दशकाच्या मध्यास मंडळाच्या विवेकाधीन पॅरोलचा त्याग केला व पुढे अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला. संघराज्यात १९८४ च्या शिक्षासुधारणा कायद्याने १ नोव्हेंबर १९८७ पासून घडलेल्या अपराधांस पॅरोल लागू होईनासा झाला. शिक्षा भोगून झाल्यावर न्यायालयाच्या देखरेखीखाली काढावयाचा काळ त्याच्या जागी आला. १९९६ च्या कायद्याने हिंसक अपराध, फसवणूक व मालमत्तेविषयीचे अनेक अपराध यांत पूर्ण भरपाईचा आदेश सक्तीचा केला. रक्कम ठरविताना आरोपीची ऐपत पाहावयाची नाही, हप्ते ठरविताना मात्र ती पाहावयाची, असा नियम झाला. परिणामी आदेशातील रक्कम व प्रत्यक्ष वसुली यांत मोठे अंतर पडले. शासकीय निधीतून साहाय्य देण्याची पद्धती दरम्यान रूढ झाली होती. इंग्लंडमधील समाजसुधारक मार्जरी फ्राय हिच्या प्रयत्नांमुळे या कल्पनेस गती मिळाली. न्यूझीलंडने १९६३ मध्ये पहिला कायदा केला आणि ब्रिटन (१९६४) व कॅलिफोर्निया (१९६५) यांनी त्याचे अनुकरण केले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने नोव्हेंबर १९८५ मध्ये पीडितांना न्याय देण्याविषयीच्या मूलतत्त्वांची घोषणा स्वीकारली. अपराध्याकडून भरपाई आणि तीतून पूर्ण मोबदला न मिळाल्यास शासनाचे साहाय्य, असा क्रम तीत सांगितला आहे.

भारत : भारतात अमेरिकी धर्तीची स्वतंत्र पॅरोल मंडळे नाहीत. येथे पॅरोल म्हणजे विशिष्ट कारणासाठी दिलेली तात्पुरती मोकळीक असून ती राज्यांच्या नियमांखाली प्रशासन देते. महाराष्ट्रात हा विषय मुंबई संचित व अभिवचन रजा नियम, १९५९ यांखाली येतो. भरपाईचा अधिकार मुख्यतः न्यायालयाकडे आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३५७ व १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचे कलम ५ यांत त्याची तरतूद होती. कलम ३५७ चा वापर उदारपणे करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने हरिसिंग खटल्यात (१९८८) सांगितले. महाराष्ट्रातून आलेल्या अंकुश शिवाजी गायकवाड खटल्यात (२०१३) भरपाईचा विचार करणे हे न्यायालयाचे कर्तव्य असल्याचे ठरविले. शासकीय साहाय्याची तरतूद २००८ च्या दुरुस्तीने कलम ३५७अ अन्वये झाली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत या दोन तरतुदी अनुक्रमे कलम ३९५ व ३९६ मध्ये आहेत. १९९८ मध्ये गुजरातमधील एका प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने बंद्यांना न्याय्य मजुरी देण्याचे तत्त्व मान्य केले आणि तीतील काही भाग पीडितांसाठी राखून ठेवण्याचा कायदा करण्याविषयी राज्यांना विचार करण्यास सांगितले. मजुरी पुरेशी असल्याशिवाय तिच्यातून भरपाई निघत नाही, ही एकोणिसाव्या शतकातील परिषदांना जाणवलेली अडचण येथेही कायम आहे. बंद्यास कष्टाचे योग्य मोल मिळाले, तरच त्याच्या सुटकेशी पीडिताचे येणे जोडण्यास अर्थ राहतो.