प्रभुभोजनाची पंगत

ख्रिस्ती पंथोपपंथांतील भेदांचा विचार करताना आपल्याकडील अभ्यासक बहुधा पोपची सत्ता किंवा मिशनांचे राजकारण यांपाशी थांबतात. वस्तुतः सोळाव्या शतकात सुधारणावाद्यांना परस्परांपासून कायमचे दूर करणारा प्रश्न भाकरीचा आणि द्राक्षारसाच्या पेल्याचा होता. १५२९ मध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर व झ्विंग्ली यांचे बहुतेक मुद्द्यांवर एकमत झाले. या एकाच मुद्द्यावर झाले नाही. भाकरीत ख्रिस्ताचे शरीर खरोखर उपस्थित आहे असे ल्यूथर म्हणे, तर झ्विंग्लीच्या मते भाकरी ही चिन्ह आणि स्मरण होय. १५५१ मध्ये त्रेंतच्या परिषदेने भाकरीचे द्रव्यच पालटते हा रोमन सिद्धान्त पुन्हा उद्घोषित केला. अँग्लिकनांनी आपली प्रार्थनासंहिता अशा शब्दांत रचली, की दोन्ही पक्षांना तीत आपापला अर्थ वाचता यावा. हे चातुर्य पुढे त्यांच्या घरातच कलहाचे बीज ठरले.

मराठीत या विधीला दोन प्रमुख नावे आहेत. कॅथलिकांचा ‘मिस्सा’ पोर्तुगिजांबरोबर आला. त्यात बलिदानाचा अर्थ प्रधान. प्रॉटेस्टंटांनी ‘प्रभुभोजन’ हा शब्द रूढ केला. भोजन म्हटले की पंगत आली, आणि आपल्या समाजात पंगत हा शब्द कधीच निरुपद्रवी नव्हता. मारबुर्गला वाद होता तो ताटात काय आहे याचा. महाराष्ट्रात त्याच्या आधी शेजारी कोण बसला आहे हा प्रश्न उभा राहिला. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये ब्राह्मण कुळातले खिस्ते-मोडक आणि महार समाजातून आलेले ख्रिस्तशिष्य एकाच मेजाचे वाटेकरी झाले. दक्षिणेतील जुन्या मिशनांनी चर्चमध्ये जातवार आसने बराच काळ चालू दिली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेचे मोल कळते.

या दृष्टीने पुण्याचे पंचहौद मिशन हे मोठे अर्थपूर्ण स्थळ आहे. ते उच्चविधिवादी अँग्लिकनांचे, म्हणजे भाकरीत ख्रिस्ताचे सत्य सान्निध्य मानणाऱ्या काउली संघाचे आणि वाँटेजच्या भगिनींचे. १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नीळकंठशास्त्री गोरे साध्या इव्हँजेलिकल मतापासून निघून याच संघाच्या वर्तुळात आले. मूर्तिपूजेचे खंडन करणाऱ्या शास्त्र्याने वेदीवरील भाकरीपुढे नतमस्तक व्हावे, यात काहींना विसंगती दिसेल. मला ती दिसत नाही. संस्काराशिवाय धर्म नाही, ही त्यांची मूळचीच श्रद्धा होती.

याच मिशनच्या आवारात ऑक्टोबर १८९० मध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेल्याला हात लावला. गोपाळराव जोशांनी नावे ‘पुणे वैभवा’त छापविली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतल्याने त्यांचे अनुयायी व्यथित झाले. भिंतीच्या एका बाजूस भाकरीने माणूस ख्रिस्ताशी जोडला जातो ही श्रद्धा, दुसऱ्या बाजूस बिस्किटाने तो जातीपासून तुटतो ही भीती. दोन्हीकडे अन्नाचे सामर्थ्य सारखेच मानलेले होते.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये वाँटेजलाच बाप्तिस्मा घेतला. पण अँग्लिकन चौकट त्यांच्या सदसद्विवेकाला मानवली नाही. त्यांचे शाकाहारी व्रतही सिस्टर जेराल्डीनना जातिअभिमानाचा अवशेष वाटे. येथे मात्र मी रमाबाईंच्या बाजूचा आहे. मेजावर बोलावणाऱ्याने पाहुण्याचे ताट तपासू नये.

ना. वा. टिळक याहून पुढे गेले. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला आणि त्यात बाप्तिस्मा न झालेल्यांनाही जागा दिली. दरम्यान लक्ष्मीबाईंचे सोवळे एकेक पायरीने कसे सुटले, हे ‘स्मृतिचित्रे’त आहेच. सिद्धान्ताच्या ग्रंथांत न सापडणारा इतिहास त्या स्वयंपाकघरात सापडतो.

आता मराठी मुलखाची कड ओलांडून रायपुराकडे वळू. हा प्रदेश १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा. आज गुढ़ियारीसारख्या वस्तीतून निघालेल्या जिज्ञासूला थोड्या प्रवासात सारी युरोपीय भांडणे भेटतात. ऑस्कर लोरने १८६८ मध्ये वसविलेल्या बिश्रामपूरची परंपरा ल्यूथरन व रिफॉर्म्ड मतांचा समेट करणाऱ्या जर्मन इव्हँजेलिकलांची. बिलासपूर-मुंगेलीकडे आलेल्या डिसायपल्सपंथीयांत प्रभुभोजन दर रविवारी व्हावयाचे. धमतरीस १८९९ मध्ये आलेल्या मेनोनाइटांमध्ये ते वर्षातून मोजक्या वेळा, आणि परस्परांचे पाय धुण्यासह. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, तेव्हा यांपैकी पहिल्या दोन परंपरा आणि पुण्याचे पंचहौदही एका मेजाशी आले. मेनोनाइट वेगळे राहिले.

रोमन कॅथलिकही अर्थातच वेगळे आहेत. पण हिंदी भाषिक कॅथलिकांनी या संस्कारास ‘परमप्रसाद’ म्हटले आहे. छत्तीसगडात जगन्नाथाचा प्रसाद एकमेकांना देऊन, जात आडवी येऊ न देता, आयुष्यभराचे मित्र होण्याची चाल आहे; अशा मित्राला तेथे ‘महापरसाद’ म्हणतात. परमप्रसाद मात्र, अपवाद सोडल्यास, फक्त कॅथलिकांनाच मिळतो. शेजारच्या चर्चमधून आलेला ख्रिस्ती पाहुणा त्या वेळी आपल्या बाकावर बसून राहतो.