चार पैशांचं येणं

माणिकपूरची आमची आजी गेली आणि भारत सरकारचा एक जुना धनको कमी झाला. तिचं येणं होतं रोजचे चार पैसे!

हकिकत अशी. १ एप्रिल १९५७ ला (तारीख बघा!) दशमान नाणी आली. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. म्हणजे आण्याचे हिशेबाने सव्वासहा. पण सरकारी कोष्टकात सहाच. आजी तेव्हा स्टेशनाबाहेर माठाच्या जुड्या विकायची, आण्याला एक. सोळा जुड्यांचा रुपया व्हायचा, त्याचे शहाण्णव पैसे झाले.

"उरलेले चार कुठे गेले रे? तू बी.कॉम. ना?"

मी पदवी घेतल्यापासून ती जाईपर्यंत हाच प्रश्न. माझं 'पूर्णांकन' तिने कधी मंजूर केलं नाही. ३० जून २०११ ला पावलीपर्यंतची नाणी चलनातून बाद झाली, तेव्हा मात्र ती हबकली. "आता द्यायचे म्हटले, तरी देणार कशात?"

परवा तिचं खातं बंद करायला गेलो. काउंटरच्या बाहेरच्या बाजूला पहिल्यांदाच उभा होतो. शिल्लक पैशापर्यंत जुळली. तरी मी तीनदा बेरीज केली.