गार्सिया द ओर्ता व गोव्याचें इन्क्विझिशन : राजकृत यहुदी-द्वेषाच्या कारणांचा विचार

यहुद्यांविषयींचा राजकृत द्वेष हा युरोपच्या इतिहासांतला विषय. त्याच्याशीं आपला संबंध काय, असें कोणी विचारील. परंतु बीड ज्या निजामशाहींत मोडत होतें, तिच्या अहमदनगरच्या दरबारीं बुऱ्हाण निजामशहास औषध देणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता हा यहुदी कुळांतला होता.

त्याच्या मातापितरांस 1492 सालीं स्पेन सोडावें लागलें. पोर्तुगालांत आश्रय मिळाला. पण 1497 सालीं राजा मानुएल यानें तेथील यहुद्यांस बळानें बाप्तिस्मा देवविला. अनर्थाचें मूळ मला येथें दिसतें. ज्यांस राज्यानें ख्रिस्ती केलें, त्यांच्याच ख्रिस्तीपणाविषयीं राज्य साशंक झालें. ‘नवख्रिस्ती’ ही जणूं एक जातच सरकारी दप्तरांत जन्मास आली, आणि पुढें अधिकारपदांसाठीं रक्तशुद्धीची चौकशी होऊं लागली. दोषी ठरलेल्याची मालमत्ता जप्त होई, हेंही विसरतां कामा नये. केवळ धर्मवेडानें सगळ्याचा उलगडा होत नाहीं.

ओर्ता 1534 सालीं गोव्यास आला. 1543 सालीं जेरोनिमो दियास नांवाच्या दुसऱ्या नवख्रिस्ती वैद्यास तेथें जाळण्यांत आलें. धर्मन्यायासन स्थापन झालें 1560 सालीं. म्हणजे द्वेष आधीं व कचेरी मागाहून!

शनिवारीं काम न करणें, त्या दिवशीं धुतलेलीं वस्त्रें नेसणें, हीं ह्या न्यायासनापुढें यहुदीपणाचीं लक्षणें. आणि ह्याच किनाऱ्यावर उत्तरेस, कुलाब्याच्या बाजूस, बेने इस्राएल लोक शनिवारीं घाणा बंद ठेवीत, तेव्हां शेजारीपाजारी त्यांस ‘शनवार तेली’ एवढेंच म्हणत. आचार तोच, एके ठिकाणीं त्याचें आडनांवासारखें नांव पडलें, दुसरीकडे तो अपराध ठरला. भेद लोकस्वभावाचा नव्हे. कोंकणांत त्या आचाराची नोंद घेण्यास कोणी अधिकारी नेमलेला नव्हता.

ओर्ताचा औषधींवरील संवादग्रंथ गोव्यांतच 1563 सालीं छापला गेला. 1568 सालीं तो वारला, तोंपर्यंत त्यास कोणी हात लावला नाहीं. व्हाइसरॉयांस त्याच्या विद्येची गरज होती, असा माझा तर्क आहे. त्याच्या मागें बहीण कातारिना हिला 1569 सालीं जाळलें. 1580 सालीं ओर्ताच्या अस्थि थडग्यांतून उकरून जाळण्यांत आल्या.

फ्रान्सिस झेवियरनें 1546 सालीं हें न्यायासन मागितलें, तें मोशेचा धर्म व मुसलमानी आचार पाळणाऱ्यांसाठीं. पुढें त्याच्या कोठड्या बहुतकरून गोमंतकांतल्याच धर्मांतरितांनीं भरल्या. तें कायमचें बंद झालें 1812 सालीं.