पोर्ट्रेट मोड आणि अजिंठ्याचा गिल

पोर्ट्रेट मोडमध्ये चेहरा स्पष्ट येतो, मागचं सगळं धूसर. पण पुढे काय, मागे काय, हे फोनला कळतं कसं? यासाठी आधी आपल्या संभाजीनगर जिल्ह्यातल्या अजिंठ्याला जाऊ.

1844 मध्ये कंपनी सरकारच्या मद्रास लष्करातला अधिकारी रॉबर्ट गिल याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायचं काम मिळालं. (पारोची गोष्ट आज नको, तिच्यावर सिनेमाही येऊन गेलाय.) वर्षानुवर्षं खपून रंगवलेले ते कॅनव्हास लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागले आणि डिसेंबर 1866 च्या आगीत बहुतेक सगळे जळाले.

पण तोवर गिलच्या हाती कॅमेरा आला होता. 1864 मध्ये त्याच्या 100 स्टिरिओ फोटोंचं पुस्तक निघालं, मजकूर जेम्स फर्ग्युसनचा. स्टिरिओ म्हणजे थोड्या अंतरावरून घेतलेले एकाच दृश्याचे दोन फोटो. अंगठा समोर धरा, एकेक डोळा मिटून बघा. अंगठा जास्त सरकतो, मागची भिंत कमी. त्या सरकण्यातच अंतर लपलेलं असतं.

मग दोनच जागा कशाला? 1908 मध्ये फ्रान्सच्या गॅब्रिएल लिपमननं माशीच्या डोळ्यासारखी, बारीक भिंगांनी भरलेली पट्टी सुचवली. प्रत्येक भिंग जरा वेगळ्या जागेवरून बघणार. त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं, पण रंगीत फोटोसाठी! अशी पट्टी नीट बनवणं तेव्हा फार अवघड होतं.

2005 मध्ये स्टॅनफर्डच्या रेन एंग यांनी ती भिंगं कॅमेऱ्याच्या आत, सेन्सरसमोर बसवली. प्रकाश मुख्य लेन्सच्या कुठल्या भागातून आला, हे त्यातून कळतं. मग अंतर काढता येतं, फोकससुद्धा नंतर बदलता येतो. पण किंमत बघा: सेन्सर 1.6 कोटी पिक्सेलचा, भिंगं 296 × 296, आणि हाती येणारा फोटोही तेवढाच! त्यांच्या लायट्रो कंपनीचा कॅमेरा 2012 मध्ये बाजारात आला, 2018 मध्ये कंपनीच बंद.

कल्पना मात्र खिशात राहिली. 2017 च्या पिक्सेल 2 मध्ये प्रत्येक सूक्ष्म भिंगाखाली पिक्सेलचे दोन अर्धे भाग होते. एक लेन्सच्या डाव्या बाजूनं बघतो, दुसरा उजव्या. दोन नजरांत अंतर जेमतेम मिलिमीटरभर, त्यामुळे बाकीचा अंदाज सॉफ्टवेअर लावतं. केसांच्या कडा गंडतात त्या इथेच. मागे दोन कॅमेरे असलेले फोन तर सरळ गिलचीच पद्धत वापरतात.

गिलचे स्टिरिओ फोटो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. जळालेल्या कॅनव्हासवर लेण्यांचे फक्त रंग होते. या जोड्यांमधला फरक मोजला, तर 1860 च्या दशकात कुठला खांब पुढे होता आणि कुठला मागे, हे आजही काढता येईल.