सीताबर्डीची टेकडी आणि एका इंग्रज घराण्याची वंशावळ

२६ नोव्हेंबर १८१७ च्या सायंकाळीं नागपुरास सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांचें सैन्य आणि कंपनीची फौज यांची लढाई जुंपली. दुसऱ्या दिवशीं ती संपली, तेव्हां रेसिडेंट जेंकिन्स यांच्या हाताखालचा तरुण अधिकारी जॉर्ज सदबी मृतांत होता. हा कोण, कोणाचा, याचा शोध वंशावळीच्या अभ्यासकास चांगला धडा देतो.

वंशावळ शेंड्याकडून मुळाकडे शोधावयाची असते. एक निश्चित नोंद हातीं धरून मागें जावें. दुवा तुटला कीं तेथेंच थांबावें. कंपनीच्या मुलकी नोकरीच्या उमेदवारास बाप्तिस्म्याचा दाखला द्यावा लागे. त्यामुळें हिंदुस्थानांतील अधिकाऱ्याची त्याच्या मूळ गांवाशीं सांगड घालतां येते. पुढें चर्चच्या वह्या उपयोगी पडतात. टॉमस क्रॉमवेलच्या हुकुमानें १५३८ पासून इंग्लंडांत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी होऊं लागल्या. सरकारी नोंदणी १८३७ सालीं आली.

जॉर्जचा पिता विल्यम सदबी हा कवि व भाषांतरकार, वॉल्टर स्कॉटचा स्नेही. त्यानें १७८० सालीं नॉर्थम्प्टनशायरमधील एक्टनच्या इस्टेड घराण्यांतील मेरीशीं विवाह केला. आजा कोल्डस्ट्रीम गार्ड्स पलटणींत कर्नल, आजी स्लोन घराण्यांतली. अशा रीतीनें नागपूरच्या एका मृत्यूपासून तीन पिढ्यांचा माग लागतो.

येथें एक मोह मात्र आवरावा लागतो. लंडनची सुप्रसिद्ध लिलावाची पेढीही सदबी नांवाचीच आहे. पण नांव एक म्हणून घराणें एक, असें मानणें ही घोडचूक होय. नाशिकच्या तीर्थोपाध्यायाची वही पाहणारा यजमानही नुसत्या आडनांवावर विसंबत नाहीं. गांव, कूळ आणि आज्याचें नांव जुळलें तरच नोंद आपली म्हणतो.

त्या लढाईंत कंपनीकडील मृत व जखमी मिळून साडेतीनशेंहून अधिक होते. त्यांत बहुतेक हिंदी शिपाई. भोसल्यांच्या बाजूनेंही पुष्कळ पडले. त्यांच्या जन्माची नोंद ठेवणारी वही कोणत्याही चर्चमध्यें नव्हती. सदबीचे पूर्वज सांपडतात ते तो थोर होता म्हणून नव्हे, तर कोणा पाद्र्यानें वेळच्यावेळीं नोंद केली म्हणून. घरांतील वडील माणसांच्या तोंडीं जीं नांवें, गांवें व सालें आहेत, तीं त्यांच्या हयातींतच कागदावर उतरवून ठेवावीं, हा बोध प्रत्येक कुटुंबानें यांतून घ्यावा.