भूजलातील नायट्रेट : एका तपासणीने चित्र स्पष्ट होत नाही

शेतात टाकलेले सर्व खत पिकाला मिळत नाही. युरियातील नत्राचे जमिनीत नायट्रेटमध्ये रूपांतर होते आणि पिकाने न उचललेला भाग पावसाच्या किंवा सिंचनाच्या पाण्याबरोबर भूजलात उतरतो. सांडपाणी व जनावरांचे मलमूत्र यांतूनही त्यात भर पडते. नायट्रेटला रंग वा वास नसल्याने ते प्रयोगशाळेतील तपासणीतच समजते. पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील १५,२३९ नमुन्यांपैकी १९.८ टक्के नमुन्यांत ही मर्यादा ओलांडली गेली होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५.७४ टक्के होते. वर्धा, बुलडाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव व यवतमाळ हे जिल्हे अधिक बाधित ठरले.

वाढले की घटले?

२०१७ मध्ये १३,०२८ नमुन्यांपैकी २१.६ टक्के नमुने मर्यादेबाहेर होते. म्हणजे टक्केवारी किंचित घटली. मात्र बाधित जिल्ह्यांची संख्या २०१७ मधील ३५९ वरून २०२३ मध्ये ४४० झाली. नमुन्यांची संख्या व ठिकाणे बदलली की अशी तुलना अवघड होते. म्हणूनच त्याच विहिरीचे पाणी, त्याच ऋतूत, वर्षानुवर्षे तपासणे आवश्यक ठरते.

रसायने भूजलात पोहोचण्यास आणि तेथून नाहीशी होण्यास दीर्घ काळ लागतो. डेन्मार्कमध्ये १९८९ पासून भूजलाचे राष्ट्रीय निरीक्षण सुरू आहे. तेथे डायक्लोबेनिल या तणनाशकावर १९९७ मध्ये बंदी आली. तरीही त्याच्या विघटनातून तयार होणारा घटक त्यानंतर अनेक वर्षे विहिरींत सापडत राहिला. बंदीचा परिणाम दिसण्यासही अशी सलग नोंद हवी.

गावपातळीवर काय करावे?

अधिक नायट्रेटयुक्त पाण्यापासून सहा महिन्यांखालील बाळांना विशेष धोका असतो. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते व त्वचा निळसर पडते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. अशा विहिरीचे पाणी बाळाच्या दुधासाठी वापरू नये.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक तपासणीसाठी पाण्याचे नमुने घेतो. पावसाळ्यापूर्वीचे व नंतरचे निष्कर्ष ग्रामपंचायतीने विहिरीनिहाय जपून ठेवल्यास कोणता स्रोत बिघडत चालला आहे, हे गावालाच वेळीच कळू शकेल.